तीन पुस्तक : फिनिश भाषेतील परिमाणवाचक शब्द

बेळगावच्या एका शाळेत मी ३१ वर्षे मराठी शिकवले. या काळात हजारो वह्या तपासल्या असतील. त्यांतले एक वाक्य अजून डोळ्यांपुढे आहे. सहावीतल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'मी दुकानातून पाच पुस्तक आणलो.' मी 'पुस्तक' आणि 'आणलो' या दोन्ही शब्दांखाली लाल रेघा ओढल्या, समासात 'पुस्तके आणली' असे लिहिले आणि दोन गुण कापले. त्या मुलाच्या घरी कन्नड बोलत. पुढच्या निबंधात त्याने तीनच ओळी लिहिल्या, आणि त्यानंतर वर्गात हात वर करणेही सोडून दिले. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. चूक दाखवणे हे शिक्षकाचे कामच, अशी माझी समजूत होती.

निवृत्तीनंतर फिनलंडमधल्या ताम्पेरे या शहरात मुलाकडे गेलो. तिथे माझी सहा वर्षांची नात रात्री झोपताना म्हणाली, "आजोबा, मला तीन पुस्तक वाचून दाखव ना." सवयीने मी म्हणालो, "तीन पुस्तके म्हण." तिने म्हटले. दुसऱ्या दिवशी 'चार खुर्ची' आले, मी पुन्हा दुरुस्त केले. आठवड्याभराने माझ्या लक्षात आले की ती माझ्याशी खुणांनी बोलते आणि आईबापांशी फिनिशमध्ये. मुलगा एका संध्याकाळी हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही सारखं टोकलंत तर ती मराठी बोलणंच सोडेल. आणि ती चुकत नाहीये. ती फिनिश व्याकरण बरोबर पाळतेय."

हे शेवटचे वाक्य मला लागले. मग मी त्या भाषेचे व्याकरण शिकायला बसलो. एका वाचनालयात परदेशी लोकांसाठी फिनिश संभाषणाचा वर्ग भरत असे, तिथे जाऊ लागलो. भाषा काही मला आली नाही, पण 'किती' या प्रश्नाचे उत्तर ती कसे देते एवढे कळले. मराठीच्या शिक्षकाला त्यातून बरेच घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

भाषेची थोडी ओळख

फिनिश ही भाषा संस्कृत, मराठी, इंग्रजी यांच्या कुळातली नव्हे. ती उराली कुळातली. एस्टोनियन तिची सख्खी बहीण आणि हंगेरियन लांबची नातेवाईक. तिच्यात लिंगभेद नाही. 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. परंपरेने तिच्यात १५ विभक्ती मोजतात. मिकाएल आग्रिकोला या धर्मोपदेशकाने १५४३ च्या सुमारास फिनिशमधले पहिले छापील पुस्तक काढले, ते मुळाक्षरांचे होते. त्यानंतरही शतकानुशतके राज्यकारभार आणि उच्च शिक्षण स्वीडिश भाषेत चाले. फिनिशला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान द्यावे असा हुकूम निघाला तो १८६३ साली. पुढे १८८० मध्ये एमिल नेस्तोर सेतॅलॅ याने फिनिश वाक्यरचनेवर पुस्तक लिहिले, तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा विद्यार्थी होता. घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, हा अनुभव सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

फिनिश शब्द देवनागरीत लिहिताना पुढे मी एक सोय केली आहे. ऱ्हस्व 'आ' साधा लिहिला आहे आणि दीर्घ स्वरापुढे अवग्रह दिला आहे. 'किर्या' म्हणजे पुस्तक. 'किर्याऽ' हे त्याचेच वेगळे रूप. या एका दीर्घ स्वरावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे.

अंशाची विभक्ती

फिनिशमधले परिमाणवाचक शब्द समजायचे तर आधी एक विभक्ती समजली पाहिजे. तिला पार्टिटिव म्हणतात. आपण 'अंशविभक्ती' म्हणू. शब्दाला 'आ' किंवा 'ता' जोडून, स्वरांच्या मेळानुसार 'ॲ' किंवा 'तॅ' जोडून, ती होते. मूळ अर्थ 'पासून, मधून' असा होता. 'कोतोआ' म्हणजे घरून, 'काउकाऽ' म्हणजे लांबून, अशा काही शब्दांत तो अर्थ अजून टिकला आहे. आज तिचे मुख्य काम म्हणजे 'त्यातले काही, सगळे नव्हे' हे सांगणे.

'ओस्तिन लेइवॅन' म्हणजे मी पाव आणला, एक अख्खा. 'ओस्तिन लेइपॅऽ' म्हणजे मी पाव आणला, थोडा, किती ते सांगितलेले नाही. मराठीत दोन्हींना 'पाव आणला' एवढेच वाक्य पुरते आणि बाकीचे संदर्भावरून कळते. फिनिशमध्ये ते शब्दाच्या शेवटच्या अक्षरातच कळते. तसेच 'माइतो ओन लासिस्सा' म्हणजे दूध पेल्यात आहे, ज्या दुधाबद्दल आपण बोलत होतो ते. 'लासिस्सा ओन माइतोआ' म्हणजे पेल्यात दूध आहे, काही थोडे.

हाच भेद वस्तूवरून क्रियेकडे जातो तेव्हा गंमत होते. 'लुइन किर्यान' म्हणजे मी पुस्तक वाचले, वाचून संपवले. 'लुइन किर्याऽ' म्हणजे पुस्तक वाचत होतो, काही भाग वाचला. मराठीत 'वाचून काढले' आणि 'वाचत होतो' हा फरक आपण क्रियापदात करतो. फिनिश माणूस तो पुस्तकाच्या विभक्तीत करतो. नकार असला की कर्माला नेहमी अंशविभक्तीच लागते: 'एन लुकेनुत किर्याऽ', मी पुस्तक वाचले नाही. जे घडलेच नाही ते पूर्ण कसे असणार? 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्यही याच विभक्तीत येते, 'राकास्तान सिनुआ'. प्रेम करणे ही 'करून झाले' असे म्हणून संपणारी क्रिया नाही, म्हणून तिचे कर्म पूर्णतेच्या रूपात येत नाही. वर्गातल्या बाईंनी हे नियम म्हणून सांगितले, पण सगळे क्षणभर गप्प झाले होते.

थोडक्यात, 'किती' हा प्रश्न फिनिश भाषा परिमाणवाचक शब्द येण्याआधीच, नुसत्या विभक्तीनेच विचारते. आता संख्यांकडे येऊ.

एक घर, दोन घराचे

'एक' या संख्येत अडचण नाही: 'युक्सी तालो', एक घर. 'दोन'पासून मात्र नाम अंशविभक्तीत जाते, तेही एकवचनात: 'काक्सी तालोआ', 'कोल्मे तालोआ'. घर हजार असले तरी रूप तेच. 'घरे' यासाठी फिनिशमध्ये 'तालोत' असे स्वच्छ अनेकवचन आहे, पण संख्येनंतर ते चालत नाही. माझ्या नातीचे 'तीन पुस्तक' ते हेच: 'कोल्मे किर्याऽ'. तिच्या कानाला संख्या आली की नाम एकवचनात जाते, आणि तिच्या शाळेत ते बरोबरच आहे.

क्रियापदही एकवचनी राहते. 'लाप्सेत तुलेवात' म्हणजे मुले येतात; इथे दोन्ही अनेकवचनी. पण 'कोल्मे लास्ता तुलेऽ', तीन मुले येतात, इथे नाम एकवचनी आणि 'तुलेऽ' हेही एकवचनी. 'ती तीन मुले' अशी ओळखीची, ठरलेली मुले असतील तर मात्र 'ने कोल्मे लास्ता तुलेवात' असे क्रियापद अनेकवचनी होते. म्हणजे नुसता आकडा असेल तर तो एक ढीग, आणि माणसे ओळखीची झाली की ती अनेक.

दुसरी गोष्ट अशी की अंशविभक्ती फक्त कर्ता-कर्माच्या जागी लागते. बाकीच्या विभक्तींत संख्या आणि नाम दोघेही बरोबरीने चालतात: 'काहदेस्सा तालोस्सा', दोन घरांत, 'कोल्मेल्ले लाप्सेल्ले', तीन मुलांना. संख्येलाही प्रत्यय लागतो, हे मराठी माणसाला नवे. आपण 'दोन घरांत' म्हणतो, 'दोनांत घरांत' म्हणत नाही. मात्र इथेही फिनिश नाम एकवचनीच राहते.

मग संख्येला अनेकवचन कधीच नसते का? असते, आणि तिथे फार नेमके काम होते. 'काक्सी केंकॅऽ' म्हणजे दोन बूट, सुटे. दोन्ही डाव्या पायाचेही असतील. 'काहदेत केंगॅत' म्हणजे बुटांचे दोन जोड. तसेच 'साक्सेत', कात्री, हा शब्द फिनिशमध्ये नेहमी अनेकवचनी, कारण पाती दोन. दोन कात्र्या म्हणायचे तर 'काहदेत साक्सेत'. लग्न हाही असाच अनेकवचनी शब्द. आपण जिथे 'जोड' हा वेगळा शब्द वापरतो तिथे फिनिश भाषा संख्येचेच अनेकवचन करते.

संख्येनंतर एकवचन ठेवणारी फिनिश ही एकटी भाषा नव्हे. हंगेरियन आणि तुर्की या भाषांतही संख्येनंतर नाम एकवचनातच राहते. आकड्याने अनेकत्व एकदा सांगितले, तर नामाने ते पुन्हा कशाला सांगायचे, असे त्यामागचे तर्कशास्त्र म्हणता येईल. आपल्या शेजारची कन्नडही अचेतन वस्तूंच्या बाबतीत हेच करते. 'ऐदु पुस्तक' हे कन्नडमध्ये रोजचे, बिनचूक बोलणे आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याचे 'पाच पुस्तक' कुठून आले ते मला बेळगावात ३१ वर्षे राहून कळले नाही. ते कळायला ताम्पेरेला जावे लागले.

पुष्कळ, थोडे आणि कित्येक

आपल्या शालेय व्याकरणात संख्याविशेषणांचे गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि अनिश्चित असे पाच प्रकार शिकवतात. 'पुष्कळ, थोडे, काही, अनेक, सर्व' हे सगळे शेवटच्या एका प्रकारात जातात. फिनिशच्या २००४ साली निघालेल्या बृहद् व्याकरणात या शब्दांना 'क्वान्त्तोरी' म्हटले आहे, आणि त्यांचे वागणे इतके वेगवेगळे आहे की एका टोपलीत टाकून भागत नाही. मी स्वतःसाठी त्यांचे तीन गट केले.

पहिला गट 'पाल्योन' म्हणजे पुष्कळ आणि 'वॅहॅन' म्हणजे थोडे यांचा. हे शब्द स्वतः बदलत नाहीत आणि पुढच्या नामाला अंशविभक्ती लावतात. न मोजता येणारा पदार्थ असेल तर एकवचन: 'पाल्योन वेत्तॅ', पुष्कळ पाणी. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर अनेकवचन: 'पाल्योन किर्योया', पुष्कळ पुस्तके. मापांचेही असेच: 'लित्रा माइतोआ', लिटरभर दूध, 'किलो ओमेनोइता', किलोभर सफरचंदे. म्हणजे 'तीन' म्हटले की पुस्तक एकवचनी, आणि 'पुष्कळ' म्हटले की अनेकवचनी. इथे माझी नात काय करते ते मी मुद्दाम ऐकले. ती 'तीन पुस्तक' म्हणायची, पण 'खूप पुस्तके' मात्र बरोबर म्हणायची! चूक वेंधळेपणाची असती तर दोन्हीकडे झाली असती. एका जागी होते आणि दुसऱ्या जागी होत नाही, म्हणजे तिच्यामागे नियम आहे. शिक्षकासाठी ही कसोटी फार उपयोगाची आहे.

'पाल्योन'ला विभक्ती लागत नसल्याने एक अडचण येते: 'पुष्कळ घरांत' असे म्हणायचे कसे? तिथे दुसऱ्या गटातला 'मोनी' हा शब्द मदतीला येतो: 'मोनेस्सा तालोस्सा'. 'मोनी' हा विशेषणासारखा नामाबरोबर चालतो. 'पुष्कळ मुले येतात' हे त्याने तीन तऱ्हांनी सांगता येते. 'मोनी लाप्सी तुलेऽ' यात नाम, क्रियापद सगळे एकवचनी. एकेक मूल डोळ्यांपुढे येते. 'मोनेत लाप्सेत तुलेवात' यात सगळे अनेकवचनी. ठरावीक मुलांतली बरीच. 'मोन्ता लास्ता तुलेऽ' हे संख्येसारखे वागते, म्हणजे अंशविभक्ती आणि एकवचन, भर आकड्यावर. 'मोन्ता' हे मुळात 'मोनी'चेच अंशविभक्तीतले रूप. ते स्वतंत्र शब्दासारखे वापरात रुळले, इतके की लोक त्याला पुन्हा एकदा अंशविभक्ती लावून 'मोन्ताऽ' म्हणू लागले.

याच गटात 'मूतामा' आणि 'हार्वा' आहेत. दोघांचाही अर्थ 'थोडके', पण मनाचा कल उलटा. 'मूतामा तिएतॅऽ' म्हणजे काहींना माहीत आहे. आहेत, असा सूर. 'हार्वा तिएतॅऽ' म्हणजे फार थोड्यांना माहीत आहे. नाहीतच जवळजवळ, असा सूर. मराठीत आपण हे काम 'च'ने करतो: 'थोडे आहेत' आणि 'थोडेच आहेत'. उलट 'वॅहॅन' हा शब्द दोन्ही सुरांत येतो. 'मिनुल्ला ओन वॅहॅन राहाऽ' म्हणजे माझ्याकडे थोडे पैसे आहेत. देण्याची तयारी आहे की नकाराची प्रस्तावना, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. उसने मागणाऱ्याची पंचाईत दोन्ही भाषांत सारखीच.

प्रश्नही दोन आहेत. मोजण्याच्या वस्तूंना 'मोन्ताको', पदार्थाला 'पाल्योनको'. बोलण्यात दुसरा शब्द वस्तूंनाही चालतो. आपल्याकडे दोन्हींना 'किती'. पण वेळ विचारताना दोघे एकाच वाटेने जातात. फिनिश माणूस विचारतो, 'पाल्योनको केल्लो ओन?' शब्दशः, घड्याळ किती आहे? आपण म्हणतो, किती वाजले? 'कोणती वेळ' असे दोघेही विचारत नाहीत.

सगळे, अख्खे आणि दोन्ही

तिसरा गट पूर्णतेचा. 'काइक्की' म्हणजे सगळे आणि 'कोको' म्हणजे अख्खे. 'काइक्की लेइपॅ' म्हणजे असेल तेवढा सगळा पाव, 'कोको लेइपॅ' म्हणजे अख्खा एक पाव. आपली 'सगळी भाकरी' आणि 'अख्खी भाकरी' यांत हाच भेद आहे, फक्त आपण तो कधी शिकवत नाही. 'कोको'ला कुठलाही प्रत्यय लागत नाही: 'कोको तालोस्सा', अख्ख्या घरात. 'काइक्की'ला लागतो: 'काइकिस्सा तालोइस्सा', सगळ्या घरांत.

'योका' आणि 'योकाइनेन' हे आपले 'दर' आणि 'प्रत्येक'. 'दर' जसा न बदलता नामाआधी येतो, तसाच 'योका'. आणि 'प्रत्येक' जसा 'प्रत्येकाने, प्रत्येकाला' असा एकटाही उभा राहतो, तसाच 'योकाइनेन'. दोन्ही भाषांत पुढचे नाम एकवचनी. ही जोडी सापडली तेव्हा मला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

दोनसाठी फिनिशमध्ये खास शब्द आहेत. 'मोलेम्मात लाप्सेत तुलेवात' म्हणजे दोन्ही मुले येतात. 'कुम्पिकिन लाप्सी तुलेऽ' म्हणजे दोघांपैकी हरेक मूल येते, एकवचनी. या दुसऱ्या शब्दाला मराठीत एका शब्दाचा जोड नाही. पण पुढे मराठी सरस ठरते. फिनिशमध्ये 'तिन्ही' म्हणायचे तर 'काइक्की कोल्मे', सगळे तीन, असे दोन शब्द लागतात. आपल्याकडे 'दोन्ही, तिन्ही, चारही, पाचही' अशी रांगच आहे. शिवाय माणसांसाठी 'दोघे, तिघे, चौघे' आहेत. कन्नडमध्येही माणसांसाठी 'इब्बरु, मूवरु' असे वेगळे शब्द आहेत. फिनिशमध्ये माणसांची अशी वेगळी मोजणी नाही. पण 'युक्सिन' एकटाच, 'काक्सिन' दोघेच, 'कोल्मिसिन' तिघेच, असे सोबतीचे शब्द आहेत.

अडीचची गोष्ट

आता माझी एक फजिती सांगतो. वर्गातल्या एका बाईंनी मला वाचनालयात 'पुओली कोल्मे' वाजता बोलावले. 'पुओली' म्हणजे अर्धा, 'कोल्मे' म्हणजे तीन. मी मनात साडेतीन असा हिशेब केला आणि वेळेवर पोचलो. वर्ग सुटला होता आणि खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. 'पुओली कोल्मे' म्हणजे तिसरा तास अर्धा झाला, म्हणजेच अडीच. दीड वाजले की 'पुओली काक्सी', अर्धे दोन. जर्मन आणि स्वीडिश भाषांतही वेळ अशीच सांगतात, आणि फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होते.

घरी परतताना मी मनात त्या पद्धतीला नावे ठेवत होतो. ट्राममध्ये बसल्यावर एकदम आठवले की आपला 'अडीच' हा शब्द आला कुठून? संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून, प्राकृतातून. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. म्हणजे 'अडीच वाजले' असे म्हणताना मराठी माणूस नकळत 'पुओली कोल्मे'च म्हणत असतो! 'दीड'च्या मागे 'द्व्यर्ध' आहे. साडेतीनसाठी जुना 'औट' शब्द आहे, तो 'अर्धचतुर्थ' यापासून; औटकीचा पाढा म्हटलेली पिढी अजून आहे. फिनिशमध्ये दीडला आजही 'पुओलितोइस्ता' म्हणतात, शब्दशः 'दुसऱ्यातला अर्धा'. जुन्या फिनिशमध्ये अडीचसाठी 'पुओलिकोल्मात्ता' होते, 'तिसऱ्यातला अर्धा'. अर्धतृतीयचे याहून नेमके भाषांतर होणार नाही. दोन भाषांचा यात काही संबंध नाही. माणसाने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे एकाच तऱ्हेने मोजले, एवढेच.

हाच 'तोइस्ता', म्हणजे 'दुसऱ्यातला', पुढे ११ ते १९ या संख्यांत येतो. ११ म्हणजे 'युक्सितोइस्ता', दुसऱ्या दहातला एक. १२ म्हणजे 'काक्सितोइस्ता'. जुन्या भाषेत २२ ला 'काक्सिकोल्मात्ता', तिसऱ्या दहातले दोन, असे म्हणत. आज सरळ 'दोन दहा दोन' असे म्हणतात. या सगळ्या शब्दांतला 'ता' म्हणजे पुन्हा आपली अंशविभक्तीच. ८ ला 'काहदेक्सान' आणि ९ ला 'युहदेक्सॅन' म्हणतात. त्यांत अनुक्रमे दोन आणि एक दडलेले आहेत, दहाला दोन कमी आणि एक कमी. आपले 'एकोणीस, एकोणतीस' याच जातीचे.

वहीकडे परत

हे सगळे कळल्यावर मी नातीला टोकणे थांबवले. पण थांबवून काय करायचे, हा प्रश्न उरलाच. ती मराठीत 'तीन पुस्तक' म्हणत राहावी असे मला वाटत नाही. मराठीत 'तीन पुस्तके' हेच रूप आहे आणि ते तिला यायला हवे. मग एकदा मी तिला विचारले, "फिनिशमध्ये कसं म्हणतेस गं?" ती म्हणाली, "कोल्मे किर्याऽ." "आणि नुसती पुष्कळ पुस्तकं असली तर?" "पाल्योन किर्योया." मग मी म्हणालो, "मराठीला हा फरक कळत नाही. ती तीनलाही पुस्तके म्हणते आणि पुष्कळलाही पुस्तके." ती विचार करून म्हणाली, "मराठी सोपी आहे." त्या रात्री तिने स्वतःहून 'तीन पुस्तके' मागितली. दुसऱ्या रात्री पुन्हा 'तीन पुस्तक' म्हणाली. मी दोन्ही रात्री तीन वाचली.

परत आल्यावर गल्लीतल्या मुलांच्या वह्या बघताना मी हीच रीत ठेवली आहे. 'पाच पुस्तक' दिसले की आधी विचारतो, कन्नडमध्ये कसे म्हणतोस? मूल 'ऐदु पुस्तक' म्हणते आणि बहुधा स्वतःच थबकते. दोन भाषांतला फरक त्याला दिसतो, आणि रेघ ओढायचे काम उरत नाही. प्रत्येक गावच्या मराठीची शेजारीण वेगळी आहे, त्यामुळे प्रश्नही वेगळा विचारावा लागेल. हैदराबादेत ही चूक तेलुगूवर ढकलता येणार नाही, कारण तेलुगू 'रेंडु पुस्तकालु' असे अनेकवचनच करते. गोव्यात कोकणी, बडोद्यात गुजराती आणि इंदुरात हिंदी काय करते ते तिथल्या शिक्षकांनी तपासावे. शेजारणीचे व्याकरण अर्धे तरी ठाऊक असल्याशिवाय सीमेवर मराठी शिकवता येत नाही, असे आता माझे मत झाले आहे.

आणि एक कबुली. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाहून आलो. शेजाऱ्यांनी विचारले, "किती माणूस होतं?" मी सहज म्हणालो, "पाचशे पान उठलं." पाचशे, आणि पान एकवचनी, आणि क्रियापदही एकवचनी. 'हजार माणूस जेवला' असेही आपण सर्रास म्हणतो. तिथे माणसे सुटी दिसत नाहीत, एक जमाव दिसतो. 'कोल्मे लास्ता तुलेऽ' याच्यासारखेच. हे मी जन्मभर बोलत आलो आहे आणि त्याखाली कुणी कधी लाल रेघ ओढली नाही.

तो सहावीतला मुलगा आता चाळिशीत असेल. कापलेल्या दोन गुणांपैकी 'आणलो'चा एक कदाचित वेगळ्या चर्चेचा विषय होईल. 'पुस्तक'चा गुण मात्र मी त्याला आज देऊन टाकला असता, आणि शेजारी लिहिले असते, 'मराठीत पुस्तके. पण तुझा हिशेब बरोबर आहे.'